आजीची परीक्षा कोणत्या भाषेत?

गेल्या आठवड्यात यंत्रांचा वायदा करून थांबलो होतो. एमआरआय किती टेस्लाचा घ्यावा, पेट स्कॅनला लागणारं किरणोत्सारी द्रव्य कुठून आणावं, हे सगळं आज यायचं होतं. ते पुढच्या खेपेला. मधल्या काळात वांकिडीच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि माझ्या मते रांगेत त्याचा नंबर यंत्रांच्या आधी लागतो. घरात मराठी, बाजारात तेलुगू, शेतावर कामाला येणाऱ्यांशी गोंडी आणि शहरात गेलं की दखनी हिंदी, असं ज्या घरात सर्रास चालतं, तिथल्या सत्तरी ओलांडलेल्या आजीची स्मरणशक्ती तपासायची झाली तर ती कोणत्या भाषेत तपासणार, असं त्यांनी विचारलं आहे. वरवर पाहिलं तर एखादा दुभाषा नेमला की मिटला, असा हा प्रश्न वाटतो. तसा तो नाही. विद्यापीठात स्मृतिभ्रंशाच्या संशोधनाचं नवं केंद्र उभं करायचं तर त्याचा पहिला पैसा कशावर खर्च व्हावा, हे या प्रश्नावरून ठरतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: पहिला पैसा भाषेवर, पहिली भरती चाचण्या घेणाऱ्या माणसांची आणि पहिलं क्षेत्र वांकिडीसारखा सीमेवरचा मुलूख. इमारत त्यानंतर.

वांकिडी आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची ११ ऑक्टोबर २०१६ ला वाटणी झाली, तेव्हापासून हे मंडल कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतं. पलीकडचा राजुरा तालुकाही १९५६ पर्यंत आदिलाबादमध्येच होता. भाषावार प्रांतरचनेत तो मुंबई राज्यात गेला, सोयरीक मात्र होती तिथेच राहिली. आज ऐंशीच्या घरात असलेला माणूस जन्मला तो निजामाच्या राज्यात, जिथे दफ्तर उर्दूत चाले. तो मोठा होईपर्यंत शाळा आणि कचेरी तेलुगू झाली. घरची बोली या साऱ्याच्या खालून तशीच वाहत राहिली. गोंडांच्या बाबतीत तर गुंता आणखी एका पदराचा आहे. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र काढलं. तिथे वापरलेली गोंडी पुस्तकं देवनागरीत होती. म्हणजे बोलणं गोंडी, अक्षरं मराठीची, सरकार आधी उर्दू आणि मग तेलुगू. मेंदूचा अभ्यास करणाऱ्याला असा समाज मागून मिळत नाही.

हे मी मुलखाच्या कौतुकापोटी म्हणत नाही. त्यामागे पुरावा आहे आणि तो हैदराबादचाच आहे. तिथल्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे सगळे ज्याला निम्स म्हणतात त्या रुग्णालयात, डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यातले ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा या लोकांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात हे निष्कर्ष आले. शिक्षण, व्यवसाय, स्त्री-पुरुष, शहर-खेडं हे फरक हिशेबात धरूनही अंतर टिकलं आणि कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या रुग्णांतही ते दिसलं. माझ्या लेखी शेवटची बाब सगळ्यात वजनदार. दोन भाषा येणारा माणूस बहुधा जास्त शिकलेला असतो, तेव्हा श्रेय भाषेचं की शाळेचं, ही शंका एरवी कायम लटकत राहते. निरक्षर पण दुभाषी माणूस ती शंका बरीचशी निकाली काढतो, आणि असा माणूस जगाच्या श्रीमंत भागात औषधालाही सापडत नाही. २००७ मध्ये टोरांटोच्या एलन बियालिस्टॉक यांनी १८४ रुग्णांच्या नोंदींवरून चार वर्षांच्या आसपास असाच फरक दाखवला होता. पण तिथले द्विभाषिक बरेचसे बाहेरून येऊन स्थायिक झालेले. देश सोडून जाण्याची उमेद धरणारा माणूस मुळातच धडधाकट असतो, असा आक्षेप त्यावर आला आणि तो रास्त होता. हैदराबादचे दुभाषी कुठून आलेले नव्हते. ते पिढ्यान् पिढ्या तिथेच तेलुगू आणि दखनी बोलत राहिले होते.

हे ऐकून लगेच नातवंडांना चौथी भाषा शिकवायला घेऊ नका. त्याच अभ्यासात दोनपेक्षा जास्त भाषांचा वेगळा फायदा दिसला नाही. आणि मुळात या निष्कर्षावरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा, की हे सगळे रुग्णालयापर्यंत पोचलेले लोक. जो पोचलाच नाही, त्याचं काय? दुसरा, आजार कधी सुरू झाला हे घरचे सांगतात आणि घरच्यांची आठवण म्हणजे काही प्रयोगशाळेची नोंद नव्हे. एखाद्या घराला विसरभोळेपणा लवकर खटकतो, दुसरं घर त्याला म्हातारचळ म्हणून वर्षानुवर्षं सोडून देतं. तिसरा आक्षेप सगळ्यात कठीण. लंडनच्या नाहीद मुकादम आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निरोगी माणसं आधी निवडून त्यांच्यामागे वर्षानुवर्षं राहणाऱ्या अभ्यासांत दुभाषी लोकांना स्मृतिभ्रंश कमी होतो, असं त्यांना आढळलं नाही. दुसऱ्या आक्षेपाला हैदराबादकडूनच एक चांगलं उत्तर मिळालं आहे. पक्षाघाताचा दिवस घरच्यांना नेमका माहीत असतो, तिथे आठवणीचा घोळ नसतो. निम्समधल्याच ६०८ पक्षाघाताच्या रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर ज्यांची बुद्धी शाबूत राहिली, असे रुग्ण दुभाष्यांत ४०.५ टक्के होते, तर एकभाषींत १९.६ टक्के. पहिल्या आणि तिसऱ्या आक्षेपाला मात्र रुग्णालयात बसून उत्तर देता येणार नाही. त्यासाठी गावात जाऊन, निरोगी माणसं निवडून, दहा-पंधरा वर्षं त्यांच्या सोबत राहावं लागेल. मुकादमांनी तपासलेल्या अभ्यासांत मोठा वाटा स्थलांतरितांच्या वस्त्यांचा होता; जिथे दोन-तीन भाषा हा हवापाण्याचाच भाग आहे, तिथला प्रश्न अजून सुटलेला नाही. मी तो सुटला असं मानत नाही आणि भाषेनं आजार टळतो असंही म्हणत नाही. मी म्हणतो ते इतकंच, की या प्रश्नाचा निकाल जिथे लागू शकतो अशा थोड्या जागा जगात आहेत आणि त्यातली एक आसिफाबाद-राजुरा रस्त्यावर आहे.

आता आजीची परीक्षा प्रत्यक्ष कशी होते ते जवळून पाहू. जगभर वापरात असलेल्या एसीई-३ या चाचणीत बारा चित्रं दाखवून नावं विचारतात. मूळ संचात कांगारू आहे, पेंग्विन आहे, जहाजाचा नांगर आहे, हार्प नावाचं तंतुवाद्य आहे. वांकिडीच्या आजीला यातलं एकही ओळखता आलं नाही तर त्यावरून तिच्या मेंदूबद्दल काहीही सिद्ध होत नाही. भारतीय आवृत्त्यांत चित्रं बदलली आहेत हे खरं, पण अडचण तिथे संपत नाही. मोका नावाच्या दुसऱ्या लोकप्रिय चाचणीत तीसपैकी गुण देतात आणि शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. एक! बारावी झालेल्या माणसाला आणि हातात कधी पेन्सिलही न धरलेल्या बाईला सवलत सारखीच. त्याच चाचणीत घड्याळाचं चित्र काढायचं असतं, घन काढायचा असतो. (निरक्षरांसाठी मोकाची वेगळी आवृत्ती पुढे आली, पण दवाखान्यांत हाताशी असते ती जुनीच.)

मग एक मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावं सांगायची असतात. ही चाचणी मला फार आवडते, कारण तिला ना कागद लागतो ना अक्षर. पण आजी म्हणते शेळी, गाय, वाघ, मग मेक, मग पुली. मेक म्हणजे तेलुगूत शेळी आणि पुली म्हणजे वाघ. हे पाच गुण की तीन? तीनच दिले तर एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हात घालण्याचे तिचे कष्ट वाया गेले. पाच दिले तर एकभाषी शेजारणीवर अन्याय. यावर नियम आधी ठरवून, लिहून ठेवावा लागतो आणि तो शेकडो निरोगी माणसांवर पडताळून पाहावा लागतो. तारखेचंही तसंच. आजी इंग्रजी महिना सांगणार नाही, श्रावण म्हणेल. इथे वांकिडीचं एक बरं आहे, मराठी आणि तेलुगू दोन्ही पंचांगांत महिना अमावास्येला संपतो आणि पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, त्यामुळे दोन्ही भाषांतली आजी महिना एकच सांगेल. पण उत्तरेतल्या हिंदी मुलखाचं पंचांग पौर्णिमेला महिना संपवतं. तिकडे तयार केलेलं उत्तरपत्रक घेऊन कुणी इथे आला तर वद्य पक्षातल्या पंधरा दिवसांत त्याला बरोबर उत्तर चूक वाटेल.

या गोष्टी कुणालाच सुचल्या नव्हत्या असं नाही. हरियाणातल्या बल्लभगडला १९९० च्या दशकात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी बसवली. वजाबाकीऐवजी त्यांनी आठवड्याचे वार उलट्या क्रमानं म्हणायला लावले. ‘डोळे मिटा’ हे वाचून दाखवण्याऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा’ असं सांगितलं. साधे बदल, पण त्यामागे गावात घालवलेले दिवस दिसतात. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी चाचण्यांचा एक सामायिक संच तयार करून घेतला, त्यातही डॉ. अल्लादी यांचा मोठा वाटा आहे. निरक्षरांचा विचार त्यात मुळापासून आहे. हा संच प्रथम पाच भाषांत आला: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी त्या पाचांत नव्हती. गोंडी आणि कोलामी यांचा तर प्रश्नच नव्हता. मराठीत चाचण्याच नाहीत असा याचा अर्थ नव्हे; मोकाचं मराठी भाषांतर मिळतं. पण भाषांतर म्हणजे चाचणी नव्हे. किती गुणांना निरोगी म्हणायचं आणि किती गुणांना आजार, ही रेघ त्या त्या मुलखातल्या, त्या त्या शिक्षणाच्या निरोगी माणसांवरूनच आखावी लागते. पुण्यातल्या निवृत्त शिक्षकांवर आखलेली रेघ वांकिडीला लावली तर निम्मं गाव आजारी ठरेल. ती भीतीनं फारच खाली आणली तर खरे रुग्ण हातातून सुटतील.

चुकीची किंमत कुणाला मोजावी लागते हेही स्पष्ट आहे. देशातला स्मृतिभ्रंश मोजणारा सगळ्यात मोठा अलीकडचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठ वर्षांवरच्या ४,०९६ जणांच्या तपासणीवरून त्यानं प्रमाण ७.४ टक्के सांगितलं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त निघालं. म्हणजे ज्या आजीच्या परीक्षेवरून आपण एवढा काथ्याकूट करतो आहोत, नेमकी तीच सगळ्यात जास्त धोक्यात आहे. आणि हा जास्तीचा आकडा किती खऱ्या आजाराचा आणि किती न शिकलेल्या माणसाला न पेलणाऱ्या चाचणीचा, हे वेगळं काढणं हेच केंद्राचं पहिलं काम असायला हवं.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मेंदू संशोधन केंद्राबद्दल मागच्या लेखांकात बरंच लिहिलं, ते वाचकांच्या लक्षात असेल. क्रिस गोपालकृष्णन यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन २० जून २०२२ ला झालं. पण ज्या कामासाठी ते केंद्र जगात ओळखलं जातं ते कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात, इमारतीच्या आधीच सुरू झालं होतं. ४५ वर्षांवरच्या दहा हजार ग्रामीण माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करायचा, असा तो संकल्प आहे. श्रीनिवासपूर आंध्रच्या हद्दीला लागून आहे आणि तिथे कन्नडइतकीच तेलुगू चालते. म्हणजे देशातल्या या सगळ्यात महत्त्वाकांक्षी अभ्यासालाही सीमेवरचा दुभाषी तालुकाच वाट्याला आला. आपल्याकडे केंद्राची चर्चा निघाली की आधी जागा किती एकर आणि मजले किती, इथून सुरुवात होते. बंगळुरूकडून उचलायचं असेल तर काचेची दर्शनी भिंत उचलू नये, हा क्रम उचलावा.

वांकिडीवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप म्हणजे, जिथे साध्या तापाला डॉक्टर वेळेवर मिळत नाही, तिथे स्मृतिभ्रंशाचं संशोधन ही चैन आहे. मला हा युक्तिवाद पटत नाही. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा लांबवता येण्याजोगी चौदा कारणं दिली आहेत. त्यात कमी शिक्षण आहे, कमी ऐकू येणं आहे, अधू दृष्टी, रक्तदाब, मधुमेह आहे. ही कारणं शोधायला जाणारी माणसं घरोघर रक्तदाब मोजतील, साखर तपासतील, कान आणि डोळे पाहतील. ऐकू न येणारी आजी प्रश्नच चुकीचा ऐकते, तेव्हा कान तपासल्याशिवाय स्मरणशक्ती तपासताच येत नाही. या भागात आधी जे हवं, तेच या संशोधनाचंही पहिलं पाऊल आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. वांकिडीत सगळेच दोन-तीन भाषा बोलतात, मग तुलना कुणाशी करणार? इथे मला थोडं नमतं घ्यावं लागेल. एकट्या वांकिडीत ही तुलना होणार नाही. पण जुन्या आदिलाबादच्या दक्षिणेला गोदावरीकाठी अशी गावं आहेत, जिथे घरात, शेतात आणि कचेरीत तेलुगूशिवाय दुसरं काही फारसं लागतच नाही. पीकपाणी सारखं, सरकार एकच, शाळेची आबाळ दोन्हीकडे. भाषांची संख्या मात्र वेगळी. शिवाय मराठी घरातही सगळ्यांची गत एक नसते. बाजार करणारा पुरुष तेलुगूत घासाघीस करतो, आणि चुलीपाशी आयुष्य गेलेल्या त्याच्या थोरल्या वहिनीला तेलुगू समजते पण बोलावी लागत नाही. भाषा येते की नाही यापेक्षा ती रोज किती वापरली जाते, हे मोजायचं असेल तर असं मिश्र घर हीच उत्तम जागा.

उरतो तो दोन राज्यांचा प्रश्न. आजी चार महिने लेकीकडे राजुऱ्याला राहायला गेली की तेलंगणाच्या यादीतून ती गळते, आणि दीर्घ मुदतीचा अभ्यास अशा गळतीनंच मरतो. आसिफाबादचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १५ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालं, ते वरंगळच्या आरोग्य विद्यापीठाखाली येतं. पलीकडे गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे सांभाळतं. एकाकडे डॉक्टर आहेत, दुसऱ्याकडे मराठी आणि गोंडीचा मुलूख. दोघांचं एक सामायिक केंद्र, दोन्हीकडे चालणारी एकच संमतीपत्रकाची पद्धत आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आशा कार्यकर्त्यांमधून घडवलेली चाचणी घेणारी माणसं, एवढ्यावर पहिली पाच वर्षं निघतील. यंत्र नसलं तरी चालेल. आजीला एकदा स्कॅनसाठी हैदराबादला किंवा नागपूरला नेता येतं. तिची भाषा मात्र नेता येत नाही.

तेव्हा वांकिडीच्या वाचकांना उत्तर असं: आजी ज्या भाषेत पैसे मोजते आणि ज्या भाषेत नातवाला रागावते, तिच्यात परीक्षा सुरू करावी, आणि ती मधेच दुसऱ्या भाषेत शिरली तर तिला अडवू नये, नुसतं टिपून घ्यावं. घरात कुणाचं विसरणं वाढलं असेल तर केंद्राची वाट पाहत बसू नका. आधी कान तपासून घ्या, रक्तातलं बी-१२ आणि थायरॉइड पाहून घ्या, कारण यातून होणारा विसर औषधानं सुधारू शकतो. दवाखान्यात जाताना तिची बोली नीट जाणणारं एक माणूस सोबत न्या, आणि ती रोज कोणाशी कोणत्या भाषेत बोलते हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. यंत्रांचं पुढच्या आठवड्यात.